जवारी नसलेलं वाद्य

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी बोललं गेलं तसंच ठेवलं आहे. वाजवून दाखवलं तिथे कंसात नोंद आहे.)

(गिटारवर एकच कॉर्ड, मग शांतता.)

ऐकलंत? आवाज आला आणि गेला. परत वाजवतो, या वेळी तो किती वेळ टिकतो तेवढंच ऐका.

(तीच कॉर्ड.)

नमस्कार मंडळी. आज पाहुणे नाहीत, मुलाखत नाही, मी एकटाच आहे. मागच्या काही भागांत मधे मधे मी जे वाजवतो त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं की ही कसली गिटार, हिचा आवाज असा कोरडा का येतो, माईक खराब आहे का. माईक ठीक आहे हो. ही आर्चटॉप गिटार आहे, जॅझवाल्यांची. आणि माझी जी आहे ती एका माणसाने हाताने, फक्त माझ्यासाठी बनवलेली आहे. हे सांगताना छाती थोडी फुगते, ते आधीच कबूल करतो. पण आज जे सांगायचंय त्यात फुशारकीला फार जागा नाही.

मी पहिल्यांदा हिचा आवाज फोनवरून बाबांना ऐकवला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाले, "छान आहे रे. पण ह्याला जवारी कुठाय?"

आता हा प्रश्न फक्त मिरजेचा माणूसच विचारू शकतो. आम्ही मिरजेचे. बाबा रेल्वेत होते, मिरज जंक्शनला, आणि संध्याकाळी ड्यूटी नसली की त्यांचे पाय आपोआप सतारमेकर गल्लीकडे वळायचे. मला सोबत न्यायचे. तिथे एक चाचा होते, बाबांच्याच वयाचे, त्यांच्या दुकानात मी तासन् तास भुश्यात बसून राहिलोय. मिरजेला ही वाद्यं कशी आली ती गोष्ट बाबा दर वेळी सांगायचे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी मंडळी, तलवारींचे दिवस गेले तसे वाद्यांकडे वळली, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तिथे सतारी-तंबोरे बनवायला सुरुवात केली. पुढे त्याच गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहायला आले. तंबोऱ्याच्या आवाजाबद्दल मिरजकर हट्टी आहेत ते काही उगाच नाही.

जवारी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे ज्या पट्टीवर तारा टेकतात ती, रुंद असते आणि तिचा माथा किंचित, अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर टेकत, सुटत, पुन्हा टेकत थरथरते, आणि त्यातून तो झंकार निघतो जो संपतच नाही. तारेखाली एक दोरा घालतात, तो केसभर पुढे-मागे सरकवला की आवाज उघडतो किंवा मिटतो. चाचा घोडी घासायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. लहानपणी मला वाटायचं की हे कधी संपणारच नाही.

आणि मी आयुष्यातली सगळ्यात महागडी हौस केली ती अशा वाद्याची, ज्याचा आवाज अर्ध्या सेकंदात संपावा अशीच अपेक्षा असते.

आता वाद्य समजावून सांगतो, आणि मिरजेच्याच शब्दांत सांगतो कारण ते शब्द इथे चपखल बसतात. आपली नेहमीची गिटार असते तिची तबली, म्हणजे पुढची फळी, सपाट असते. तारा त्याच फळीवर चिकटवलेल्या पुलात अडकवलेल्या असतात, आणि त्या फळीला ओढतात, पिरगळतात. आर्चटॉपमध्ये तसं नाही. हिची तबली व्हायोलिनसारखी फुगीर असते, मधे उंच आणि कडेला उतरती. तारा पार खाली, वाद्याच्या शेपटाला बांधलेल्या असतात, सतारीला लंगोटाला बांधतात तशाच. तिथून निघून त्या घोडीवरून जातात, आणि घोडी चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबाने उभी असते. म्हणजे तारा तबलीला ओढत नाहीत, दाबतात. कमानीवर वरून भार पडावा तसं. मधल्या गोल भोकाऐवजी दोन बाजूंना इंग्रजी एफ अक्षरासारख्या दोन फटी. इतकंच.

हे सगळं कशासाठी? आवाज मोठा यावा म्हणून. ऑर्व्हिल गिब्सन नावाचा माणूस अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कालामझू गावात १८९० च्या दशकात व्हायोलिनसारख्या कोरीव तबलीची मँडोलिनं आणि गिटारी बनवायला लागला. त्याच्या नावाच्या कंपनीत पुढे लॉइड लोअर म्हणून एक वादक-अभियंता आला, त्याच्या हाताखाली १९२२ मध्ये एल-फाइव्ह नावाची गिटार निघाली, आणि एफ-होलवाली गिटार म्हणजे काय ते तिने ठरवून टाकलं. तेव्हा माईक-बिईक नव्हते. मागे चार ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन, ड्रम्स. त्यांच्यात गिटार ऐकू यायची तर ती ओरडायलाच हवी. टिकाऊ, गोड, लांबणारा सूर तिथे काही कामाचा नाही. कुऱ्हाडीचा घाव बसावा तसा सूर पाहिजे. पटकन आला, पटकन गेला, पुढच्या मात्रेला जागा मोकळी.

मग न्यूयॉर्क. मॅनहॅटनमध्ये लिटल इटली भागात ४० केनमेअर स्ट्रीटला जॉन डी'अँजेलिको यांनी १९३२ मध्ये दुकान काढलं. लहानपणी ते आपल्या चुलत आजोबांकडे व्हायोलिनं-मँडोलिनं बनवायला शिकले होते. १९६४ मध्ये वारले तोवर त्यांनी अकराशेहून जास्त गिटारी बनवल्या, जवळजवळ सगळ्या गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार. त्यांच्याकडे जिमी डी'अकिस्टो नावाचा पोरगा १९५० च्या दशकात झाडलोट करायला, निरोप पोचवायला लागला आणि शेवटी तोच वारस झाला. या डी'अकिस्टोंचं मला विशेष वाटतं. शिकले त्या पद्धतीत पारंगत झाले, आणि मग आयुष्याच्या उत्तरार्धात एकेक सजावट काढत गेले. शिंपल्याची नक्षी गेली, पितळी चकचकाट गेला, तारा बांधायचा धातूचा पट्टा जाऊन लाकडी आला, शेवटी एफचा आकारही बदलला. १९९५ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी गेले.

२०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इटलीहून न्यूयॉर्कला आलेल्या या कारागिरीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. डी'अँजेलिको, डी'अकिस्टो आणि आजही काम करणारे जॉन मॉन्टेलिओने, या तिघांची वाद्यं. मी तोवर बरीच वर्षं हौशी जॅझ वाजवत होतो, साध्या इलेक्ट्रिक गिटारवर. त्या प्रदर्शनात काचेपलीकडे एक गिटार मी मागून बघितली. मेपलच्या लाकडातल्या आडव्या लाटा, दोन फळ्या मधोमध जोडलेल्या, एकीचं प्रतिबिंब दुसरीत. मला एकदम चाचांच्या दुकानातला वास आला. काचेतून वास येत नाही, मला कळतं. पण आला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. व्यवहाराच्या दृष्टीने हे वाद्य केव्हाच निकालात निघालंय. १९३६ मध्ये गिब्सनने पिकअप बसवलेली गिटार बाजारात आणली, चार्ली ख्रिश्चनने ती बेनी गुडमनच्या बँडमध्ये सॅक्सोफोनसारखी वाजवून दाखवली, आणि विषय संपला. १९४२ मध्ये पंचविसाव्या वर्षी हा मुलगा गेला, पण तोवर गिटारला ओरडायची गरज उरली नव्हती. पुढे प्लायवूडच्या तबलीच्या आर्चटॉप निघाल्या. त्या स्वस्त, टणक आणि अँपसमोर शिट्ट्या न मारणाऱ्या. जिम हॉलसारख्या वादकाने तसल्या गिटारीवर काय काय करून ठेवलंय. तेव्हा जॅझ वाजवायला कोरीव गिटार लागते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नाही लागत.

मला लागत होती, त्याचं कारण वेगळं होतं. ते म्हणजे फ्रेडी ग्रीन.

मी न्यू जर्सीत राहतो. इथून दक्षिणेला तासाभराच्या आत रेड बँक नावाचं गाव आहे, काउंट बेसीचं जन्मगाव. बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये आले आणि १९८७ मध्ये वारले तोवर, म्हणजे पन्नास वर्षं, तिथेच वाजवत राहिले. या पन्नास वर्षांत त्यांनी जवळपास सोलो घेतला नाही. पिकअप नाही, अँप नाही. तारा पडद्यांपासून इतक्या उंच ठेवायचे की दुसऱ्याच्या बोटांना फोड यावेत. मात्रेला एक ठोका, दर मात्रेला, चार-चार-चार-चार.

(वाजवून दाखवतात.)

हे असं. कॉर्ड सहा तारांची दिसते, पण खरं म्हणजे दोन-तीन तारांचीच असते. बाकीच्या तारांवर डाव्या हाताची बोटं नुसती टेकवलेली, त्यांतून सूर न येता "चक्" येतो. ऐकणाऱ्याला गिटार अशी वेगळी कळतच नाही. ड्रमच्या झांजेला सूर फुटल्यासारखं वाटतं. आणि ती थांबली की सगळा बँड एकदम पोरका वाटायला लागतो.

आमच्या भागात हौशी लोकांचा सतरा जणांचा बिग बँड आहे. दर मंगळवारी एका शाळेच्या हॉलमध्ये सराव. निवृत्त शिक्षक, एक दंतवैद्य, एक पोस्टमन. मी एकटाच देशी. २०१२ मध्ये त्यांच्यात गेलो तेव्हा माझ्या इलेक्ट्रिक गिटारीवर ड्रमरने तीन आठवडे दम धरला आणि मग म्हणाला, आवाज कमी कर. मी कमी केला. म्हणाला, अजून. शेवटी म्हणाला, अँप बंदच कर ना, मग काय होतं बघू. काहीच ऐकू आलं नाही, हे झालं.

मग म्हाताऱ्यांचा शोध लागला. डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियात, एक गृहस्थ आर्चटॉप बनवतात. नाव सांगत नाही, त्यांनीच सांगू नकोस म्हटलंय. वय झालंय, आणि हातातल्या ऑर्डरी संपवायच्या आहेत. वर्षाला तीन, फार तर चार गिटारी. मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबुवा म्हणतो.

पहिल्या भेटीत त्यांनी लाकूड दाखवलं नाही, कॅटलॉग दाखवला नाही. एक जुनी गिटार हातात दिली आणि म्हणाले, वाजव. मी चार मात्रा वाजवल्या. त्यांनी माझा डावा अंगठा बघितला, दांडीच्या मागे कुठे येतो ते. बोटाचं माप घेतलं. बसतो कसा, गिटार मांडीवर किती उंच येते, ते बघितलं. मग किंमत सांगितली. साडेनऊ हजार डॉलर, तिसरा हिस्सा आगाऊ, आणि दोन वर्षं थांबायचं.

घरी येऊन बायकोला सांगायचं होतं. आमची मुलगी तेव्हा शाळेत, कॉलेजचा खर्च डोळ्यासमोर. मी सरळ "मला पाहिजे" असं म्हणालो असतो तर कदाचित बरं झालं असतं. मी काय केलं, तर एक कागद काढला आणि तिला हिशेब समजावला. हातकामाच्या गिटारीची किंमत उतरत नाही, हा म्हातारा गेल्यावर तर वाढेल, ही हौस नाही, गुंतवणूक आहे. सोन्यासारखं समज. तिने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सोनं अंगावर घालता येतं." मग हो म्हणाली.

त्या दोन वर्षांत मी चार-पाच वेळा म्हातारबुवांकडे गेलो. एकदा तबली कोरायचं काम चालू होतं. स्प्रूसचा एक जाड पाचरीसारखा ठोकळा मधून चिरतात, पुस्तक उघडावं तसा उघडतात, जोडतात, आणि मग गोल तोंडाच्या पटाश्या आणि अंगठ्याएवढे पितळी रंधे घेऊन कोरत बसतात. मधे साधारण सहा मिलिमीटर, कडेकडे निम्म्यावर येत जाते. आधी बाहेरून, मग आतून. माप घ्यायला यंत्र आहे, पण म्हातारबुवा मधे मधे तबली दोन बोटांत कोपऱ्याशी धरून लटकवायचे आणि बोटाच्या पेराने ठोकायचे. टक्. मग थोडं खरवडायचे. पुन्हा टक्. मान हलवायचे, पुन्हा खरवडायचे.

मी स्टुलावर बसलो होतो, बुटांवर भुसा पडला होता. मी त्यांना मिरजेबद्दल सांगितलं. जवारीबद्दल सांगितलं. त्यांनी काम थांबवून नीट ऐकलं आणि म्हणाले, म्हणजे तुमच्याकडे तार घोडीला घासली तर पैसे मिळतात, आमच्याकडे तार घासली तर गिऱ्हाईक वाद्य परत आणतं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये गिटार हातात आली. सतरा इंची, स्प्रूसची तबली, मेपलचं पोट आणि दांडी, एबनीची घोडी. पिकअप आहे, पण तो तबलीत बसवलेला नाही, वर तरंगता ठेवलेला आहे, कारण तबलीला भोक पाडायचं नाही या अटीवरच म्हातारबुवा काम घेतात. रंग जुन्या तुपासारखा. नक्षी शून्य. पहिल्या मंगळवारी ड्रमरने चार मात्रा ऐकल्या आणि काही बोलला नाही. त्याच्याकडून याहून मोठी दाद कुणाला मिळालेली नाही.

आणि इथून माझा मूर्खपणा सुरू होतो.

मी ती गिटार जपायला लागलो. शर्टाची बटणं लागतील म्हणून पोटाशी फडकं. पट्ट्याचं बक्कल काढून ठेवायचं. घरी पाहुणे आले की गिटार केसमध्ये, केस कपाटात. बाहेरच्या कार्यक्रमाला जुनी इलेक्ट्रिक न्यायचो आणि ड्रमरचे डोळे चुकवायचो. मुलीने एकदा विचारलं, मी वाजवून बघू? तर मी आधी तिला हात धुवून यायला सांगितलं. ती गेली ती आलीच नाही. मी दर दोन-तीन महिन्यांनी नेटवर बघायचो की म्हातारबुवांच्या जुन्या गिटारी कितीला विकल्या जातायत.

बाबांनी फोनवर ती जवारीची गोष्ट विचारली ती याच काळात. दर फोनला पुढे एकच वाक्य असायचं. "एकदा घेऊन ये. चाचांना दाखवू." २०१७ ला गेलो, नेली नाही. २०१८ ला गेलो, नेली नाही. विमानात वर ठेवायला जागा मिळाली नाही तर? सामानात टाकली तर? मुंबईतला दमटपणा, रेल्वेतले धक्के. एकेक कारण अगदी बरोबर होतं. आजही कुणी मला विचारलं की विमानातून आर्चटॉप नेऊ का, तर मी हीच कारणं सांगेन.

जानेवारी २०१९. रात्री साडेनऊला भावाचा फोन आला, बाबांना दवाखान्यात नेलंय. पहाटेच्या विमानाचं तिकीट मिळालं. मी त्या वेळी सराव करत होतो. गिटार स्टँडवर ठेवली आणि बॅग भरायला घेतली.

बाबा नऊ दिवस होते. बोलणं कमी झालं होतं, पण समजत होतं सगळं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मला म्हणाले, "आणलंस का तुझं ते वाद्य?"

मी म्हटलं, "नाही बाबा, घाईत निघालो."

ते "बरं" म्हणाले.

तेराव्यापर्यंत बायको आणि मुलगीही आल्या होत्या. न्यू जर्सीतलं घर महिनाभर बंद. थंडीत पाण्याच्या नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून हीटिंग चालू ठेवावं लागतं. आता इथल्या हिवाळ्याचं सांगतो. बाहेरची गार हवा आधीच कोरडी, ती आत येऊन तापली की आणखी कोरडी होते. घरातली आर्द्रता वीस टक्क्यांवर येते. या वाद्यांना पंचेचाळीस-पन्नास टक्के लागतात. म्हणून केसमध्ये ओला स्पंज ठेवायचा, खोलीत ह्युमिडिफायर लावायचा, हे सगळं मी अडीच वर्षं न चुकता केलं होतं. आणि गिटार स्टँडवर उभी होती, ह्युमिडिफायरचं पाणी दुसऱ्याच दिवशी संपलं असणार, आणि स्टँडपासून हातभर अंतरावर जमिनीतून गरम हवा यायची जाळी.

परत आलो त्या रात्री मी दिवा लावला आणि लांबूनच दिसलं. उजव्या एफ-होलच्या खालच्या टोकापासून कडेपर्यंत, लाकडाच्या रेषेत, बोटभर लांबीची उभी चीर. लाकूड आकसतं तेव्हा आडवं आकसतं आणि रेषेत फाटतं.

मी कुणाला काही बोललो नाही. गिटार केसमध्ये ठेवली, कपाट लावलं. बायकोला वाटलं बाबा गेले म्हणून मी वाजवत नाहीये. तिने चौकशीही केली नाही, उलट माझ्या जेवणाखाण्याकडे जास्त बघायला लागली. तीन आठवडे मी तिला तसं वाटू दिलं. या सगळ्या गोष्टीत मला लाज कशाची वाटते विचाराल तर त्या तीन आठवड्यांची.

शेवटी म्हातारबुवांना फोन केला. ते रागावतील म्हणून मी तयारी केली होती. त्यांनी फक्त विचारलं की चिरेच्या दोन्ही कडा एका पातळीत आहेत का वर-खाली झाल्यात. एका पातळीत होत्या. म्हणाले, घेऊन ये, आणि वाटेत गाडीचं हीटिंग बंद ठेव. फेब्रुवारीत, बरं का.

दुरुस्ती कशी करतात ते बघण्यासारखं आहे. आधी काहीच करत नाहीत. गिटार दमट खोलीत ठेवून देतात, दोन-अडीच आठवडे, लाकूड हळूहळू फुगून चीर आपली आपण मिटेपर्यंत. घाई केली तर दुसरीकडे फाटतं. मग सरस. हो, आपला सुतारांचा जुना सरसच, गरम करून लावायचा. मग आतून ठिगळं, स्प्रूसचे नखाएवढे तुकडे, त्यांच्या रेषा चिरेला आडव्या. पण आत हात जाणार कुठून? गोल भोक नाही ना. एफ-होलमधून दोन बोटंही धड जात नाहीत. म्हातारबुवांनी ठिगळाला लोहचुंबक लावला, तारेच्या आकड्याने आत सरकवला, आणि बाहेरून दुसरा चुंबक धरून त्याला जागेवर चालवत नेला. आरशात बघत. सत्तरी उलटलेला माणूस, श्वास रोखून.

मी विचारलं, आवाज बदलेल का?

म्हणाले, "आवाज नाही बदलणार. किंमत बदलेल."

किती, ते मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. तो आकडा घेऊन मी घरी आलो आणि त्याच रात्री बायकोला सगळं सांगितलं. चीर, तीन आठवडे, आकडा. त्या जुन्या कागदावर मी जे लिहिलं होतं ते सगळं खोटं ठरलं हेही. मला वाटलं ती पैशांचं बोलेल. तिने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे आता विकायची नाहीये ना?"

मी म्हटलं, नाही.

"मग हॉलमध्ये ठेव. कपाटात कोट ठेवायला जागा नाही."

तेव्हापासून हॉलमध्येच असते. जाळीपासून लांब! ह्युमिडिफायरचं पाणी आता मुलगी घरी असली की तीच भरते, तिला मी सांगितलेलं नाही. आणि ती हात न धुता वाजवते.

डिसेंबर २०१९ मध्ये मी गिटार मिरजेला नेली. विमानात वर जागा मिळाली. आई म्हणाली, एवढं मोठं खोकं आणलंस, मला वाटलं मिक्सर आणलास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाऊ तिला घेऊन गल्लीत गेलो.

चाचा आता कामाला हात लावत नाहीत, मुलगा आणि नातू बघतात. पण दुकानात बसतात. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि सगळ्यात आधी बोटाच्या पेराने तबली ठोकली. टक्. थोडं सरकून पुन्हा टक्. चिरेवर अंगठा फिरवला. नातवाकडून मोबाइलचा टॉर्च आणि दाढीचा आरसा मागवला, एफ-होलमधून आत बघितलं, ठिगळं मोजली. "हात साफ आहे," म्हणाले. "कोण आहे?" मी सांगितलं, एक म्हातारा आहे, तुमच्याच वयाचा.

मग मी वाजवून दाखवलं. चार मात्रा, आठ मात्रा. दुकानातली कामं थांबली. चाचांनी डोळे मिटून ऐकलं आणि डोळे उघडून विचारलं, "हिची जवारी का नाही काढली?"

भाऊ आणि मी एकमेकांकडे बघितलं.

मी समजावून सांगितलं की या वाद्यात तार घोडीच्या एका बारीक धारेवर टेकते, माथा रुंद नसतोच, तिथे उताराला जागाच नाही. चाचांनी ऐकून घेतलं. पण त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, दोरा घालून बघू. नातवाने रिळातून पांढरा दोरा तोडून दिला. चाचांनी तो सगळ्यात जाड तारेखाली घातला, घोडीच्या धारेशी आणला, तार छेडली. धप्प. थोडा पुढे. धप्प. थोडा मागे, एक बारीकशी झिर्र झाली आणि गेली. पाच-सात मिनिटं ते प्रयत्न करत होते. नातू हसायला लागला तेव्हा त्यांनी त्याला हातानेच गप्प केलं. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "नाही बोलत. हट्टी आहे."

दोरा त्यांनी काढला नाही, मीही नाही काढला. परत आल्यावर तारा बदलताना तो निघाला. केसच्या खणात आहे, पिकांच्या डबीत.

चला, बराच वेळ झाला. पुढच्या भागात पाहुणे आहेत, मी कमी बोलेन. आता बँडमध्ये वाजवतो तेच वाजवतो, पण बँडशिवाय. मधे पोकळी वाटेल, तिथे बाकीचे सोळा जण आहेत असं समजा.

(गिटार, चार मात्रांच्या ठेक्यात, दीड मिनिट.)